बियातली पाठराखीण

राख सावडून मी घरी आलो आणि ओट्यावर टेकलो. घरात बाया रडत होत्या. आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. निदान "भाऊ, वाईट झालं" एवढं तरी म्हणेल. ती म्हणाली, "भाऊ, वहिनींनी वालाचं बी कुठं ठेवलंय?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी तिच्या टाळक्यात घातला नाही, हे तिचं नशीब.

"बाई," मी म्हटलं, "माही बायको गेली. बी पाहू का आता मी?"

"आताच पाहा," ती म्हणाली. "मागाहून उशीर होईल."

असं माणूस होतं ते. मी चौथी शिकलेला. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबूच्या यार्डात जन्म गेला. हाताला बांबूच्या कुसांची सवय आहे, पेनाची नाही. तरी हे लिहून राहिलो, कारण आमच्या पोंभुर्ण्याकडे लोक तिच्याबद्दल जे सांगतात त्यातलं अर्धं खोटं आहे. उरलेलं अर्धं खरं आहे, आणि ते खोट्याहून वाईट आहे.

गाव तिला जंतूवाली बाई म्हणायचं. बल्लारपूरच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. बापाचं स्टेशनाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ती म्हणायची की पंक्चर शोधायला जे शिकले तेच पुढं आयुष्यभर केलं. पाण्यात धरायचं आणि बुडबुडा कुठून निघतो ते बघायचं. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर खोली पाहायला आमच्याकडे आली. खोलीकडे तिनं पाहिलंच नाही. अंगणातला वालाचा मांडव पाहिला, एक वाळली शेंग फोडून दाणा नखानं टोकरला आणि म्हणाली, "राहते मी इथं." खोली गळते हे तिला पावसाळ्यात कळलं. तेव्हाही आरडाओरडा केला तो अंथरूण भिजलं म्हणून नाही. बशा भिजल्या म्हणून.

या बशांनी मला फार छळलं. झाकणाच्या काचेच्या बशा होत्या. बटाटे उकळून त्याच्या पाण्यात साखर आणि चायनाग्रास घालायची, ते कुकरमध्ये ठेवून शिट्ट्यांवर शिट्ट्या काढायची, मग बशांत ओतून थिजवायची. त्या जेलीवर ती जंतू वाढवायची. पाहुणे म्हणायचे, तुमच्या भाडेकरणीकडं रोज सण असते का? एकदा तिचा कुकर बिघडला तर आमचा घेऊन गेली. परत आणला तेव्हा बायकोनं त्यात डाळ शिजवायला नकार दिला. बाईनं समजावलं, "वहिनी, याच्याइतका स्वच्छ कुकर तालुक्यात नाही." बायको म्हणाली, "असन. पण मले माहीत हाये त्याच्यात काय होतं ते." मला नवा कुकर आणावा लागला.

आणि एकदा माझा साळा आला होता. बाईच्या खिडकीत बशी दिसली. त्याला वाटलं खरवस. झाकण काढून बोटानं चाटलं. बाईनं पाहिलं आणि अशी किंचाळली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. आम्ही धावलो. मला वाटलं विष असेल, साळा मेला आता. तो पांढराफटक पडून बसला होता. बाई बशीकडे बघत होती. "महिन्याचा नमुना गेला," म्हणते. मी विचारलं, "अन् ह्या माणसाचं काय?" तर म्हणते, "त्याला काय होतंय? थुंकायला सांगा, चूळ भरायला सांगा." साळ्याला काही झालं नाही. पण तो पुन्हा माझ्या घरी पाणी प्यायला नाही.

रस्त्यानं चालणंही तिला सरळ जमत नव्हतं. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीआधीची रोपं, कोणाच्या बांधीत दिसली की वाकून एक उपटायची आणि मुळं उन्हात धरून बघायची. लोक वाघाला जेवढं भीत नव्हते तेवढे हिला भ्यायचे. वाघ निदान पऱ्हे उपटत नाही. कोणी भेटलं तर तब्येत विचारणार नाही, पोरंबाळं विचारणार नाही. "मुळं कशी आहेत?" हे विचारणार. एका म्हाताऱ्यानं, पायाचं विचारते समजून, तिला आपला दुखरा गुडघा दाखवला होता.

साबणाचा हात बियाला लावू द्यायची नाही. अन् तोंडात एकच वाक्य. "बी एकटं नसतं, भाऊ." मी बाजाराला निघालो, बी एकटं नसतं. मी दात कोरतो, बी एकटं नसतं. शेवटी एकदा बायकोनंच विचारलं. ती शेंगा सोलत बसली होती. "बाई, मंग अजून कोण असते वो त्याच्यात?"

बाई तिथंच मातीत बसली. सांगायला मिळालं की तिला बसायला पाट लागायचा नाही. "वहिनी, बियाच्या आत जंतू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारके. रोग देणारे नव्हेत, मदत करणारे. वेल बी धरतो तेव्हा आपल्या अंगातले थोडे त्यात घालून देतो. बी कोरडं असेपर्यंत तेही झोपलेले. बी भिजून फुगलं की तेही उठतात. मूळ निघालं की मुळावर जाऊन बसतात. मातीतलं जे मुळाला एकट्यानं सोडवून घेता येत नाही ते सोडवून देतात. मुळाला फाटे फुटायला मदत करतात. कुजवणारी बुरशी आली तर तिच्याशी भांडतात."

मी म्हटलं, "म्हणजे मायनं पोराले डबा बांधून देल्ल्यावानी."

"डबा नाही, भाऊ. डबा बियाच्या डाळीतच असतो. ही माणसं आहेत."

"पाठराखीणच म्हना ना मंग," बायको म्हणाली. मान वर केली नाही तिनं. "पोरगी सासरी निघाली का माहेरची एक बाई संगं जाते. नव्या घरी तिले करमेपर्यंत राह्यते."

त्या दिवसापासून बाई जंतूंना जंतू म्हणेनाशी झाली. सगळ्या गावाला पाठराखीण, पाठराखीण सांगत फिरली. माझ्या बायकोला ती पाठराखीण चांगली माहीत होती, कारण जिवतीच्या डोंगरातून ती लग्न होऊन आली तेव्हा तिची आत्या संगं आली होती आणि माझ्या बापाचा जीव कंटाळेपर्यंत राहिली होती. हा वालही तेव्हाच आला. बायकोच्या पदराच्या गाठीत. तिच्या मायनं दिलेला. तेव्हापासून दरवर्षी तिनंच बी धरलं, तिनंच लावलं, तिनंच राखेत घालून चुलीमागच्या सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून ठेवलं. बाजारात वाल मिळतो. तो चपटा असतो, कडू असतो. हा आमचा, गोल पोटाचा, काळ्या डोळ्याचा, दुसऱ्या कोणाकडे नाही. जिवतीला तिच्या माहेरीही आता नाही. लोकांनी कापूस लावला, मांडव मोडले.

म्हणजे ती गेली तेव्हा जगात तो वाल एका तुंब्यात होता.

मी बाईला ओट्यावरून हाकललं. माझ्या मनात तेव्हा वाल नव्हता, काहीच नव्हतं. चंद्रपूरच्या दवाखान्यातून तिला परत आणलं होतं तेच डोळ्यांसमोर होतं. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि ती विचारते, राह्यलेल्या शेंगा वाळल्या असन ना आता? वाळल्या, म्हटलं. फोडल्या का? फोडल्या. बस. तेच शेवटचं.

तेरवीच्या आधी माझ्या दोन्ही साळ्यांनी, बायकोच्या बहिणींनी, सुतकाचं घर धुवायला काढलं. गोधड्या धुतल्या, भिंती सारवल्या, मातीचे मडके फेकले. मी बाहेर बसलो होतो, मला काय माहीत. दुपारी मोठी साळी सूप घेऊन आली. सुपात वाल वाळत घातलेला.

"हे काय?" मी म्हटलं.

"ताईच्या हातचं बी होतं, भाऊजी. तुंबा नदीत सोडला. बी फेकाले जीव नाई झाला. गरम पाण्यातून काढलं अन् पंचायतीनं देल्ली ते बिलीचिंग टाकून धुतलं. आता विटाळ नाई राह्यला त्याले."

मायेनं केलं होतं त्यांनी. फेकलं असतं तर मी शिव्या तरी दिल्या असत्या. डोळे पुसत पुसत धुतलं होतं. वालाची सालं सुरकुतली होती. कितीतरी दाण्यांची फाटून गेली होती.

तेवढ्यात बाई मागून आली. एक दाणा उचलून नाकाशी धरला. "अंघोळ घातली?"

"हो बाई. सुतक होतं ना."

"सुतक गेलं," बाई म्हणाली. "पाठराखीणही गेली."

साळ्यांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मला दोघींचा, तिघींचा, सगळ्यांचा राग आला. मी म्हटलं, "बाई, तुमी जा तुमच्या खोलीत." ती गेली. पण जाताना मूठभर वाल घेऊन गेली! विचारलं नाही, सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात येऊन सांगते, "ओल्या फडक्यात घातले होते. बरेच कुजले. जे उगवले त्यांची मुळं पाहा, दोऱ्यासारखी. मातीत टिकायची नाहीत."

"तुमाले कोणी सांगतलं होतं घालाले?"

"कोणी नाही. पण कळलं ना?"

"काय कळलं? बायको गेली, आता वालही जाते, हे कळलं. बी एकटं नसते म्हनता ना तुमी? नसन. मी हावो एकटा."

माझा आवाज चढला होता. शेजारी ऐकत होते. दुसरी कोणी बाई असती तर रडली असती, नाहीतर समजूत काढली असती. ही खाली बघत उभी राहिली आणि म्हणाली, "उरलेलं बी उन्हातून काढा, भाऊ. सावलीत ठेवा." उन्हातून काढा! मी काढलं. काय करणार.

पावसाच्या तोंडावर मी जुना मांडव सोडायला घेतला. बांबू कुजले होते. वरच्या टोकाला वेल शेजारच्या कडुनिंबावर चढला होता, तिथं पानांत एक वाळकी शेंग लटकलेली राहून गेली होती. ना बायकोच्या हाताला लागली, ना साळ्यांच्या. मी शिडीवर उभा राहूनच ती फोडली. आत चार दाणे. गोल पोटाचे, काळ्या डोळ्याचे, तकतकीत. मी खाली उतरलो आणि पायरीवर बसलो.

बाईला वास लागतो की काय देव जाणे. आली. "त्यातले दोन द्या."

"कशाले?"

"फोडायला."

मी मूठ घट्ट केली. "हे चारच धड राह्यले दुनियेत. अन् तुमी फोडता?"

"ऐका, भाऊ. चार लावले तर चार वेल. एक रानडुक्कर आलं, एक रात्र कुंपण तुटलं की संपलं. घरात सूपभर धुतलेलं बी आहे. त्यातलं पुष्कळ अजून जिवंत आहे, पण एकटं आहे. या चारांत पाठराखीण शाबूत असणार. दोन फोडून ती बाहेर काढते, बशीत वाढवते, आणि सुपातल्या सगळ्यांना देते. लागली तर वहिनींचा वाल राहील."

"अन् नाई लागली तर?"

"तर दोन दाणे गेले."

खोटं बोलायचं तिला कधी जमलं नाही. जरा खोटं बोलली असती तर सोपं गेलं असतं मला. "एक," मी म्हटलं.

"दोन."

"एक देतो. अन् थो मी निवडीन."

"एकात जमेलच असं नाही."

"मंग नका करू."

"द्या एक," ती म्हणाली.

एक दाणा निवडायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. दिला. आणि तिनं पहिलं काम काय केलं? कपडे पांढरे करायच्या पाण्याच्या बाटलीतून वाटीत ओतलं आणि दाणा त्यात बुडवला! मी तिचं मनगट धरलं. "साळ्यांनी केलं तेच तुमी करून राह्यले! मंग त्याईले काऊन बोलल्या?"

"त्यांनी गरम पाणी आतपर्यंत जाऊ दिलं. हे घटकाभर, थंड. वरचे मारायचे आहेत मला. माझ्या हातावरचे, तुमच्या हातावरचे. आतलेच पाहिजेत. सोडा हात."

सोडला. उकळून थंड केलेल्या पाण्यानं तिनं तो पुन्हा पुन्हा धुतला, मग खलबत्त्यात ठेवून कुटला. तो आवाज मला सहन झाला नाही. मी अंगणात गेलो आणि नव्या मांडवाचे बांबू विनाकारण तासत बसलो.

चारपाच दिवसांनी तिनं मला हाक मारली. काय आनंद! केस पिंजारलेले, चष्मा कपाळावर. "या, या, पाहा!" बशीतल्या जेलीवर ठिपके होते. काही पिवळट, काही दुधाळ. शेंबूड सुकल्यासारखे दिसत होते, खरं सांगतो. ती म्हणते, "वहिनींच्या अंगणातले आहेत हे. कदाचित त्यांच्या आईच्या डोंगरातलेही असतील यात. वेलातून बियात, बियातून वेलात." मी पुष्कळ वेळ पाहिलं. मला त्यात बायको दिसली नाही, तिची माय दिसली नाही. मी तसं सांगितलं. "दिसायला कशाला पाहिजे?" म्हणते.

तिनं ते ठिपके पाण्यात वाढवले, बाटली गढूळ झाली. मग धुतलेलं बी निवडलं, फाटकं बाजूला काढलं. माती भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या अंगणात मांडल्या. आता सगळं बी त्या गढूळ पाण्यात भिजवेल आणि लावेल, असं मी समजलो. तर तिनं बियाचे दोन ढीग केले. एक बाटलीच्या पाण्यात टाकला, दुसरा साध्या. पहिल्याच्या पिशव्यांना लाल दोरा बांधला. दुसऱ्यांना काही नाही.

"ह्याईले काऊन नाई देल्लं?"

"मुद्दाम."

"मुद्दाम म्हणजे?"

"सगळ्यांना दिलं आणि सगळे वाढले, तर पाठराखिणीनं वाढले की पावसानं वाढले की मातीनं, कसं सांगणार? अर्ध्यांना द्यायचं, अर्ध्यांना नाही. बाकी सगळं सारखं. मग फरक दिसला तर तो तिचा."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "माह्या बायकोचे अर्धे वाल तुमी उपाशी ठेवता? फरक पाहाले?"

"दुसरा मार्ग नाही."

"एका ताटावर बसलेल्या अर्ध्या पोराईले वाढता अन् अर्ध्याईले पाहात ठेवता?"

"हो," ती म्हणाली. तोंड वर करून म्हणाली. "अशानंच कळतं."

मी म्हटलं, तुमची मर्जी. ती बल्लारपूरला डोळे दाखवायला गेली त्या दुपारी मी तिची बाटली आणली, आणि बिनदोऱ्याच्या एकेका पिशवीत ओतली. सगळ्यांत. शेवटच्या थेंबापर्यंत. अजूनही तीच वेळ आली तर मी तेच करीन. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून रिकामी बाटली तिच्याच खिडकीत ठेवली.

ती आली, तिनं बाटली पाहिली, पिशव्यांतली ओल पाहिली. माझ्यावर ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. तोंडाशी दहा उत्तरं होती. ती ओट्याच्या कडेवर बसली, दवाखान्याची पिशवी मांडीवर तशीच.

"आता मला कधीच कळणार नाही," ती म्हणाली.

"तुमचं कळणं मोठं का माह्या बायकोचा वाल?"

"वाल जगला आणि का जगला ते माहीत नसलं, तर पुढल्या खेपेला कोणाचं काही जगवता येत नाही, भाऊ. तिथून पुन्हा अंधारच." मग जरा थांबून म्हणाली, "माझे डोळे जाऊन राहिले. डॉक्टर म्हणाला काचबिंदू आहे. मला वाटलं होतं, हे एक तरी धड पाहून घेईन."

इतकी वर्षं आमच्याकडे राहून पहिल्यांदा तिच्या तोंडून आमच्या बोलीतलं "जाऊन राहिले" ऐकलं. मी बरोबर होतो आणि तीही बरोबर होती, आणि असल्या वेळी माणसानं चहा मांडावा. मी मांडला. तिनं घेतला नाही.

सगळी रोपं उभी राहिली असं नाही. काही गेली. पण बरीच राहिली, आणि ते तीन धड दाण्यांचे वेल तर कडुनिंबावर चढले. दिवाळीला मांडव भरला. चंद्रपूरला दिलेली माझी पोरगी आली तर घरात न शिरता आधी मांडवाखाली गेली. बाई माझ्याशी तोवर कामापुरतं बोलत होती. पहिली भाजी मीच केली. वाटी तिच्याकडे पाठवली. वाटी धुऊन परत आली, निरोप आला, "मीठ जास्त."

थंडी सरता सरता तिचा भाऊ नागपूरहून आला, तिला न्यायला. तोवर तिला दारातला माणूस ओळखू येत नव्हता. सामान म्हणजे बशाच. त्या तिनं शाळेला दिल्या. गाडीत बसल्यावर मी खिडकीशी गेलो. म्हटलं, आता तरी काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "भाऊ, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा करा. अर्ध्यांना देऊ नका."

"जा बाई," मी म्हटलं. "गाडी निघून राह्यली."

या पावसाळ्यात मी केलं. का केलं ते विचारू नका. मांडवावर लावायला बी भरपूर होतं, आता वाल जायची भीती नव्हती. ओंजळभर वाल घेतला, पाणी तापवलं, पंचायतीची ब्लिचिंग पावडर टाकली आणि साळ्यांनी धुतलं तसं धुतलं. त्यांना मनात दिलेल्या सगळ्या शिव्या स्वतःला देत धुतलं. मग निवडीतले धड, न धुतलेले दाणे खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवले. बशा नाहीत, जेली नाही, मला ते येत नाही. फोनवर तिनं सांगितलं तसं. अर्धं धुतलेलं बी त्या पाण्यात भिजवलं, अर्धं साध्या पाण्यात. लाल दोरा बांधला. सगळ्या पिशव्या मागच्या दाराशी एकाच उन्हात ठेवल्या, साध्या पाण्याच्या दाराला लागून. सकाळी त्या दारानं जायचं मी सोडलं आहे.

आता ती रोज फोन करते. दिसत नाही, तिचा भाऊ फोन लावून देतो, आकडे लिहून घेतो. बरे आहात का नाही, काही नाही. "आज किती पानं?" मी सांगतो. "पिवळी की हिरवी?" सांगतो. "उंची?" एक वीत, म्हणतो. "वीत कोणाची?" म्हणते. माझीच, अजून कोणाची राहणार? "मग पट्टीनं मोजा." मी म्हणतो, बाई, दोऱ्याची पुढं गेली, बाकीची मागं राहिली, डोळ्यांनी दिसून राहिलं, आता पुरे. ती म्हणते, "एका पावसाळ्यावर काही सांगता येत नाही. पुढल्या वर्षी पुन्हा." ही बाई मला मरू द्यायची नाही.

काल बिनदोऱ्याचं एक रोप मान टाकून पडलं. मी तिला सांगितलं. म्हटलं, मेलं.

"उपटून मुळं पाहा."

"मेलं म्हटलं ना, बाई."

"म्हणूनच पाहा."

फोन खांद्यावर धरला आणि उपटलं. मातीसकट हलकं आलं. सांगा, म्हणते. मी सांगत गेलो. मूळ एकच आहे. फाटे नाहीत. बुडाशी काळं, मऊ पडलं. माती बोटांनी सोडवली तर साल हातात आली. वास येतो. पलीकडून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मी थांबलो.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं काही नाई. संपलं."

"मग त्याच्या शेजारचं पाहा."

मेलेलं रोप हातातच होतं. टाकवेना. मग खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून शेजारच्या पिशवीकडे सरकलो आणि म्हटलं, "हं. हे उभं आहे. लिहून घ्यायला सांगा भावाला."